सुरेखमधली वर्गणी

२३ सप्टेंबर २०२५, मंगळवार

काल रात्रीपासून कोलकात्यात आभाळ फाटलंय. चोवीस तासांत अडीचशे मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दहा इंच, असं हवामान खातं सांगतं. दुर्गापूजेचे मांडव उभे राहता राहता भिजले. एस्प्लनेडला ऑफिसात जायचा प्रश्नच नव्हता. साचलेल्या पाण्यात वीज उतरून शहरात माणसं दगावली. पहाटे खाली आमच्या सोनं गाळायच्या दुकानात पाणी शिरलं तेव्हा आबांनी सगळ्यांत आधी मीटरचा खटका पाडला आणि मगच पाण्यात पाय घातला. तराजू, मुशी, वह्या आणि शेवटी संगणक वर आला. आमच्या बऊबाजारात पाण्याची धास्ती नवी नाही. २०१९ च्या ३१ ऑगस्टला मेट्रोच्या बोगद्यात पाणी घुसलं आणि दुर्गा पितुरी लेनमधली घरं खचली. तेव्हापासून जमिनीखाली काही धडधडलं की आबा उठून बसतात. आता त्याच बोगद्यातून सियालदा-एस्प्लनेड गाड्या धावतात, गेल्या २२ ऑगस्टपासून. पण आबा अजून त्या गाडीत बसलेले नाहीत.

संध्याकाळी वीज आली. कॅबिनेट उघडून पंख्याखाली ठेवलं होतं. आतले तांब्याचे भाग हिरवे पडलेले. तेजाबाची भट्टी दुकानाच्या मागच्या अंगाला आहे, तरी वाफ आपली वाट शोधतेच. आबांनी रॅमची पट्टी काढून उजेडात धरली. काठावरचे मुलामा दिलेले दात मात्र लखलखीत. ‘‘बघ, सोन्याला तेजाब लागत न्हाई,’’ म्हणाले. मग घरातल्या धाकटीच्या कंपासपेटीतलं खोडरबर मागून घेतलं, दात पुसले, पट्टी बसवली. यंत्र सुरू झालं.

सुरू झालं आणि पडदाभर सूचना आली : विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपणार.

‘‘म्हंजे बंद पडणार?’’

बंद नाही पडणार, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या थांबतील, म्हटलं.

‘‘मग चालतंय की. चालत्या यंत्राला कशाला हात लावायचा?’’

या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. बँकेचा व्यवहार याच यंत्रावरून होतो, जीएसटीचं विवरणपत्र ओटीपी घेऊन याच यंत्रावरून भरलं जातं. सोनं गाळणाऱ्याच्या दुकानात दाराला तीन कुलपं आणि संगणकाला एकही नाही, हे मला तरी रुचणार नाही. पण पूजा तोंडावर आहे. पूजा संपेपर्यंत कोलकात्यात कुणी काही ठरवत नसतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज कोजागिरी. इथे घरोघरी लक्ष्मीपूजन. शेजारच्या काकीमांनी आमच्याही उंबऱ्यापर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं काढली. आईने दूध आटवलं. गच्चीवर धाकटी आणि मी कागद घेऊन बसलो.

यंत्र २०१४ मध्ये घेतलेलं. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, पाचशे जीबीची फिरती हार्डडिस्क. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप. आमच्याकडे दोन्ही नाही. म्हणजे सरळ वाटेने ११ येणार नाही.

आडवाटा आहेत. पेनड्राइव्ह तयार करतानाच ती तपासणी वगळता येते आणि अशा यंत्रावर ११ चढतं. मायक्रोसॉफ्टने मात्र आधीच सांगून ठेवलंय की अशा यंत्राला पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच असं नाही. चार जीबीत ते हेलपाटत चालेल ते वेगळंच. दुसरी वाट, विंडोज १० लाच एक वर्ष मुदतवाढ : मायक्रोसॉफ्टचं खातं जोडून सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्याकडे ठेवला की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या फुकट. ही वाट वाईट नाही. ज्याला टॅली त्याच यंत्रावर चालवायची आहे त्याने हीच धरावी, कारण टॅली लिनक्सवर चालत नाही आणि ती नसली की मारवाडी शेजाऱ्याचा दिवस उगवत नाही. आमचा हिशेब वहीत आणि एक्सेलमध्ये. टॅली हिशेबनिसाकडे, त्याच्या स्वतःच्या यंत्रावर. म्हणजे ती अडचण आमची नाही.

मायक्रोसॉफ्टला शिव्या घालणाऱ्यांत मला सामील व्हायचं नाही. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं. दहा वर्षं एखाद्या वस्तूची फुकट दुरुस्ती करून देणारा दुसरा दुकानदार मला माहीत नाही. प्रश्न एवढाच की यंत्र धड आहे.

उरलं लिनक्स. धाकटीने नावं लिहून काढली. झोरिन तिला दिसायला आवडतं. क्रोम ओएस फ्लेक्समध्ये जवळजवळ सगळं काम ब्राउझरमध्ये. बॉस हे आपल्या सी-डॅकचं. भारतीय भाषांसाठी खास बनवलेलं आणि मला मनातून तेच घ्यायचं होतं. पण अडलं तर विचारायचं कुणाला? मिंट वापरणारे माझ्या ऑफिसात आहेत, धाकटीच्या शाळेत आहेत. आपल्या आसपास कोण काय वापरतं हे निकषांच्या कुठल्याच यादीत नसतं आणि घरात वापरायच्या वस्तूला सगळ्यांत जास्त तेच लागतं.

मिंटच्या तीन आवृत्त्यांपैकी एक्सएफसीई सगळ्यांत हलकी. २२.२, टोपणनाव झारा, गेल्या महिन्यात आली, उबुंटू २४.०४ वर उभी. २०२९ पर्यंत दुरुस्त्या. दोन जीबी रॅमवरही चालते म्हणतात.

आबा दूध पीत ऐकत होते. ग्लास खाली ठेवून म्हणाले, ‘‘माझी कागदं दिसतील न्हवं त्यात?’’

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. आम्ही इतका वेळ पिढी, चिप, रॅम मोजत होतो. त्या यंत्रात काय आहे ते यादीत कुठेच नव्हतं.

८ ऑक्टोबर, बुधवार

दुपारच्या सुट्टीत चांदनीच्या बाजारात. एस्प्लनेडवरून मेट्रोचं पुढचं स्टेशन, पण चालतच बरं पडतं : टिपू सुलतान मशिदीचा कोपरा, तिथून उत्तरेला. ऑफिसात नवीन आलेल्या पोराला मी नेहमी सांगतो, चांदनीत काय मिळत नाही ते विचार, यादी लहान होईल. फुटपाथवर रिमोट, चार्जर, मिक्सरची भांडी, पंख्याचे कंडेन्सर. आत गल्लीत लॅपटॉपचे पडदे, कीबोर्डची सुटी बटणं, मदरबोर्डचे ढीग. साबीर हॉटेलच्या दारावरून जाताना रेझाल्याचा वास येतो तो सोसायचा.

पहिल्या मजल्यावरचा ओळखीचा मिस्त्री. आबांचं यंत्रही त्याच्याच बापाने जोडून दिलेलं. अडचण सांगून संपायच्या आत म्हणाला, ‘‘दादा, इलेव्हन कोरे देबो, आधघोंटा.’’ किती? पाचशे. त्यात विंडोजही, ऑफिसही, अँटिव्हायरसही. परवान्याचं विचारलं तर हसला. त्याच्या हसण्यात लबाडी नव्हती; या बाजारात परवाना हा शब्द कुणी उच्चारला की वातावरण थोडं औपचारिक होतं, इतकंच. निम्म्या कोलकात्याची यंत्रं अशीच चालतात. उधारीच्या किल्लीने उघडलेल्या विंडोजमध्ये बँकेचा पासवर्ड टाकायची माझी तयारी नाही, हे त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि विचारलं, टॅली? नाही. फोटोशॉप? नाही. ‘‘ताहोले लिनक्स कोरून,’’ म्हणाला. म्हणजे सल्ला त्याच्याकडे होताच, गिऱ्हाईक मागत नाही म्हणून तो काउंटरखाली राहतो.

घेतलं ते असं : २४० जीबीची एसएसडी, नवी, दीड हजाराच्या आसपास. चार जीबीची डीडीआर-थ्री रॅम, जुनी, काढलेली. तीही त्याने खोडरबरानेच पुसून दिली. एक साटा केबल, कारण जुन्या यंत्रात शिल्लक केबल असते असं समजून परत आलेले लोक त्याने पुष्कळ पाहिलेत. माझं मत विचाराल तर जुन्या यंत्रात आधी एसएसडी घाला, प्रणाली कुठली ते नंतर ठरवा. निम्म्या तक्रारी फिरत्या डिस्कच्या असतात.

९ ऑक्टोबर, गुरुवार

डेकर्स लेनमध्ये स्ट्यू आणि टोस्ट. बाकावर शेजारी ऑफिसातला श्रीरामपूरचा सहकारी. रोज लोकलने हावडा, तिथून नदीखालच्या मेट्रोने एस्प्लनेड. या गल्लीचं कागदोपत्री नाव जेम्स हिकी सरणी. १७८० मध्ये हिकीने या शहरात बंगाल गॅझेट काढलं, भारतातलं पहिलं छापील वृत्तपत्र. पाटीखाली बसून छपाईच्या गोष्टी निघणारच. मी आबांच्या फायलींचं सांगितलं : त्या उघडतात, पण फॉन्ट नसला तर अक्षरांच्या जागी टोप्या घातलेली युरोपी अक्षरं दिसतात.

तो म्हणाला, तुमच्या भाषेला हे नवीन आहे का? मग त्याने मला श्रीरामपूर ऐकवलं. हे मी शाळेत वाचलं होतं, पण इथे राहून कधी त्याचा विचार केला नव्हता. मिशनरी विल्यम कॅरीने मराठीचं व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरच्या छापखान्यात छापलं ते देवनागरी खिळ्यांत, कारण मोडीचे खिळे तेव्हा तयार नव्हते. मग मोडीचे खिळे पाडले आणि १८१० चा कोश मोडीत निघाला. कॅरीचा पंडित वैजनाथ, मराठी मुलखातला माणूस, फोर्ट विल्यम कॉलेजात पगारी. म्हणजे हुगळीच्या काठी बंगाली कारागिरांनी मराठी अक्षरं कोरली. आज मोडीचा तो कोश वाचायचा तर आधी मोडी शिकायला लागते. आबांच्या वडिलांच्या वह्या मोडीत आहेत. आमच्या घरात त्या कुणालाच वाचता येत नाहीत, आबांनाही नाही.

स्ट्यू गार झाला.

११ ऑक्टोबर, शनिवार

नक्कल काढण्याचा दिवस. सगळे लोक फोटो घेतात, फायली घेतात. फॉन्ट कुणी घेत नाही.

आबांचे कागद म्हणजे काय ते लिहून ठेवतो. आमचा तालुका खानापूर, जिल्हा सांगली. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली. दुष्काळाने घालवली आणि धंद्याने टिकवली. कोलकात्यातल्या आमच्या गावकऱ्यांच्या वर्गणीचा हिशेब वर्षानुवर्षं आबांकडे. भैरोबाच्या देवळाचा जीर्णोद्धार, जत्रा, शाळेची खोली, पाण्याची टाकी. कुणी किती दिले, कुणी किती देतो म्हणाला, कुणाला स्मरणपत्र गेलं. २००४ पासून सगळं टाइप केलेलं, आधीच्या यंत्रावर एक्सपीत, सी-डॅकच्या आयएसएममध्ये, सुरेख फॉन्टात. २०१४ च्या पुढचं युनिकोडमध्ये, मंगल फॉन्टात.

यातला फरक धाकटीला समजावून सांगायला अख्खी दुपार गेली. युनिकोडमध्ये ‘व’ला ‘व’ म्हणूनच क्रमांक असतो, फॉन्ट कुठलाही लावा. सुरेखच्या काळात तसं नव्हतं. फायलीत साठायची ती रोमन संचातली चिन्हं. त्या चिन्हांच्या जागी फॉन्टमध्ये देवनागरीचे तुकडे रेखलेले. फॉन्ट असेपर्यंत मराठी, फॉन्ट गेला की कचरा. म्हणूनच क्रोम ओएस फ्लेक्स कटाप. हवा तो जुना फॉन्ट त्यात सहज टाकता येत नाही.

विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून सुरेख आणि त्याची भावंडं उचलली. आबांच्या फायली दोन ठिकाणी : एक पेनड्राइव्ह, एक माझ्या लॅपटॉपवर. जुनी हार्डडिस्क पुसायची नाही, काढून कपाटात ठेवायची.

मिंटची फाइल उतरवली, तीनेक जीबी. एसएचए-२५६ ची बेरीज संकेतस्थळावरच्या बेरजेशी ताडून पाहिली. चौसष्ट अक्षरं, अंक आणि अक्षरांची सरमिसळ. आबांनी विचारलं हे काय चाललंय. म्हटलं, फाइलचा टंच काढतोय. वाटेत कुणी काही मिसळलं नाही ना ते बघतोय. यावर ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि अक्षर न् अक्षर जुळलंय का ते स्वतः वाचून घेतलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

लिनक्सची एक गोष्ट कुणी धड सांगत नाही आणि ती सगळ्यांत मोलाची आहे : आधी वापरून बघता येतं. पेनड्राइव्ह लावला, सुरू होताना एफ-१२, आणि पाच मिनिटांत मिंटचा पडदा समोर, डिस्कला अजून हातही न लावता. आवाज येतो का, इंटरनेट मिळतं का, पडदा पुरता भरतो का, हे सगळं इथेच तपासायचं. ठीक होतं. प्रिंटर दिसत होता पण छापत नव्हता, ते नंतर.

मग सुरेख फॉन्ट तिथेच, त्या तात्पुरत्या मिंटमध्ये टाकला. घराच्या फोल्डरात .local, share, fonts. नसला तर fonts फोल्डर आपण करायचा, त्यात फाइल ठेवली की झालं. २००९ ची एक डॉक फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली. भैरोबाच्या देवळाचं पत्र, लेटरहेडसकट.

आबा चष्मा सारखा करत म्हणाले, ‘‘आता लाव खरं.’’

जुनी डिस्क काढली, एसएसडी बसवली. बसवताना प्रश्न थोडेच येतात : भाषा, कीबोर्ड, कुठल्या डिस्कवर, वेळ कुठली (यादीत कोलकाता सापडतं, मुंबई नाही, आमच्या मुंबईच्या नातेवाइकांना मुद्दाम सांगणार आहे), नाव आणि पासवर्ड. चहा पिऊन होईपर्यंत संपलं. फेरसुरू केल्यावर वापरायला हाताशी येईपर्यंत अर्धं मिनिट. विंडोज असताना आबा बटण दाबून देवपूजेला बसायचे.

मेनू मराठीत करू का विचारलं. ‘‘नगं. सेव्ह कुठं हाय, प्रिंट कुठं हाय मला इंग्रजीत पाठ हाय. आता म्हातारपणी मराठी कोण शिकंल?’’

टाइप करायचं मात्र मराठीच. इथे आमचं दैव चांगलं. आबा इन्स्क्रिप्ट शिकलेत. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने ती मांडणी १९८६ मध्ये ठरवली आणि ती आजही जवळजवळ तीच आहे. मिंटच्या कीबोर्डच्या यादीत मराठी इन्स्क्रिप्ट आधीपासूनच हजर. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. के वर क, एल वर त, डी वर हलन्त. आबांची बोटं जशीच्या तशी चालली, ळ आणि ऱ्य सकट. पस्तीस-चाळीस वर्षांत खिडक्या किती बदलल्या, पण सरकारी कमिटीने बसवलेली ती बटणं फारशी हलली नाहीत. सरकारी कामाचं कौतुक करायची वेळ क्वचित येते, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

आणि एक गंमत. बहुतेक भारतीय लिप्यांना इन्स्क्रिप्टची मांडणी एकच. धाकटीने यादीत बंगाली जोडलं. तोच के दाबला की बंगाली क. आबा पन्नास वर्षं इथे आहेत, बंगाली अस्खलित बोलतात, वाचतात, पण त्यांनी टाइप कधी केली नव्हती. आज मराठी बोटांनी काकीमांचं नाव बंगालीत उमटवलं. काकीमांना वर बोलावून दाखवलं. त्यांनी स्पेलिंगमधली चूक काढली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज ती तारीख. एस्प्लनेडच्या ऑफिसात मध्यान्हीपर्यंत कुणाला आठवलंही नाही. ऑफिसची यंत्रं नवी आहेत. झोरिनने आपली अठरावी आवृत्ती नेमकी आजच काढली. मुहूर्त त्यांनाही कळतो. धाकटी हळहळली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

धनत्रयोदशी. सोनं तोळ्याला सव्वा लाखाच्या पलीकडे. लोक जुनं मोडायला आणतायत, दुकानात उभं राहायला जागा नाही. संगणकाकडे कुणी फिरकलं नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार

पाडवा. वह्यांची पूजा झाली, यंत्रालाही हळदकुंकू लागलं, यूएसबीच्या खाचा वाचवून.

दिवस प्रिंटरने खाल्ला. छोटा काळा लेझर प्रिंटर, देशातल्या अर्ध्या ऑफिसांत दिसतो तसलाच. कंपनीचं नाव घेत नाही. तिची भाषा तिच्या स्वतःच्या ड्रायव्हरलाच कळते आणि लिनक्ससाठी तिने दिलेला ड्रायव्हर जुन्या ३२ बिट भागांवर टेकलेला. तो बसतो, पानाची आज्ञा जाते, प्रिंटर दिवा मिचकावतो, कागद येत नाही. लिनक्स घेणाऱ्याला माझं सांगणं एकच : प्रणाली निवडण्याआधी आपल्या प्रिंटरचं मॉडेल शोधून बघा. पोस्टस्क्रिप्ट किंवा ड्रायव्हरविना छापण्याची सोय असलेला असेल तर डोळे मिटून पुढे जा.

आबांनी तोड काढली. पीडीएफ करायची, पेनड्राइव्हवर घ्यायची, खालच्या झेरॉक्सवाल्याकडे दोन रुपयांत पान. ‘‘म्हैन्याला पंधरा पानं. त्येच्यासाठी यवढा जीव कशाला?’’

मंगल नसल्यामुळे २०१४ नंतरच्या पावत्यांच्या ओळी सरकल्या होत्या, दुसऱ्या पानावर सांडत होत्या. राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा उतरवून लावला आणि आकार थोडा कमी केला. श आणि ल मराठी वळणाचे आले. आबा बराच वेळ श कडे बघत होते. म्हणाले, मंगलमधला श त्यांना कायम हिंदी पेपरातला वाटायचा.

२६ ऑक्टोबर, रविवार

आबांची तक्रार : दिसतंय सगळं, पण शोधता येत नाही. बरोबरच आहे. सुरेखमधल्या फायलीत ‘वर्गणी’ हा शब्द नाहीच. आहेत त्या टोप्या. युनिकोडमधून ‘वर्गणी’ टाइप करून शोधलं तर शून्य.

ही अडचण विंडोजवरही होती. कुणी विचारली नव्हती एवढंच.

बदलून देणारी साधनं मिळतात, पण धाकटी अकरावीत आहे, पायथॉन शिकतेय आणि तिला दिवाळीच्या सुट्टीत घरकाम टाळायचं होतं. तिने सारणी करायला घेतली : या चिन्हाला हे अक्षर. पहिल्या तासात तिच्या लक्षात आलं की अक्षराला अक्षर असं ते नाहीच. सुरेखमध्ये ‘म’ हे दोन तुकडे : अर्धा म आणि त्याला जोडायची उभी दांडी. ‘मा’ म्हणजे अर्धा म, दांडी आणि पुन्हा दांडी. पहिली दांडी अक्षर पुरं करते, दुसरी काना होते. आणि क ला दांडी मधोमध असते, त्याचा तुकडा वेगळा. तिने आधी अर्धी अक्षरं आणि दांड्या जुळवल्या.

मग पहिली वेलांटी. फायलीत ती व्यंजनाच्या आधी साठते, जशी डोळ्याला दिसते तशी. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर हवी. म्हणजे प्रत्येक वेलांटी उचलून पुढच्या अक्षरापलीकडे ठेवायची, आणि पुढे जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षरापलीकडे. रफार याच्या उलट. फायलीत तो अक्षर, मात्रा सगळं झाल्यावर शेवटी येतो. युनिकोडमध्ये त्याला अक्षराच्या आधी न्यायचं. ‘वर्गणी’ लवकर सुटली. ‘जीर्णोद्धार’ने रडवलं : रफार ण आणि त्याची काना-मात्रा ओलांडून मागे गेला पाहिजे, आणि लगेच पुढे द्ध हा एकसंध तुकडा. तिच्या पहिल्या आवृत्तीत देवळाचा ‘जीणोर्द्धार’ झाला. आबा म्हणाले, गावात तसंच म्हणतात, चालंल. ती ऐकेना.

मधले इंग्रजी शब्द ही आणखी एक डोकेदुखी. ते दुसऱ्या फॉन्टात होते, पण साधा मजकूर काढला की कुठलं काय ते भान उरत नाही आणि कोलकात्याचा पत्ताही देवनागरीत भरडला जातो. म्हणून तिने लिबरऑफिसला एका आज्ञेत सगळ्या डॉक फायली ओडीटी करायला लावल्या. ओडीटी म्हणजे आत झिप, झिपमध्ये एक्सएमएल. कुठला तुकडा कुठल्या फॉन्टात हे तिथे लिहिलेलं असतं. सुरेख असेल तरच बदल, नाहीतर जसंच्या तसं.

मी तिच्याशेजारी बसून फक्त चुका वाचत होतो. हिशेबाच्या माणसाला जमतं ते एवढंच, आणि तेही कुणीतरी करावं लागतं.

२ नोव्हेंबर, रविवार

तुळशीचं लग्न. आईने गच्चीवर उसाचा मांडव केला.

फायली झाल्या. काही ठिकाणी क्ष च्या जागी भलतंच येतं, ती यादी धाकटीने भिंतीला चिकटवलीय. पण २००४ ते २०१४ सगळा मजकूर आता एका लांब फाइलीत आहे आणि त्यात शोधता येतं. आबांना कंट्रोल-एफ दाखवलं. त्यांनी आधी स्वतःचं नाव शोधलं. मग भैरोबाचं. मग थोडा विचार करून ‘बाकी’ टाइप केलं.

पडद्यावर ओळीमागून ओळी पिवळ्या झाल्या. आबा एकेक वाचत खाली गेले. दिली. दिली. हा वारला. हेनं दिली. २०११ च्या एका ओळीपाशी थांबले. पाच हजार एक, कळसासाठी कबूल, स्मरणपत्र दोनदा. तो गृहस्थ नंतर इथलं दुकान मोडून कोइमतूरला गेला. कळस चढून किती वर्षं झाली.

आबांनी फोन मागितला. नंबर त्याच फाइलीत होता, लागेल असं मला वाटलं नव्हतं. लागला.

‘‘राम राम! वळखला का? ... व्हय, कलकत्त्यावरनंच. ... न्हाई न्हाई, तब्येत झ्याक हाय, पोरंबी बरी हायत. जरा २०११ सालाबद्दल बोलायचं हुतं.’’